निकाल न वाचता न्यायाधीशांना कसे जोखावे

पहिली गोष्ट, निकालपत्र वाचायचे नाही. ते लांबलचक असते आणि वाचले की ठाम मत डळमळू लागते. हल्ली सर्वोच्च न्यायालय काही निकालांची मराठी भाषांतरेही संकेतस्थळावर ठेवते. तिकडे फिरकू नका. सोलापूरच्या पार्क चौकात चहाचा पहिला घोट जायच्या आत आपले मत तयार पाहिजे.

सुनावणीत न्यायमूर्तींनी वकिलाला प्रश्न विचारला, की त्याला ‘ताशेरे’ म्हणा. आवाज जरा चढला असेल तर ‘झापले’. तो प्रश्न पुढे आदेशात उतरलाच नाही तरी हरकत नाही, आदेश बघतो कोण? राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खालची विशेष अनुमती याचिका, म्हणजे ‘अपील करू द्या’ ही विनंती, एका ओळीत फेटाळली गेली, तर ‘सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब’ असे ठोकून द्या. नुसती अनुमती नाकारली म्हणजे खालचा निकाल बरोबर ठरत नाही, हे त्याच न्यायालयाने २००० साली सविस्तर सांगितले आहे. पण एवढे खोलात गेलात तर चहा गार होईल.

न्यायदेवतेला पूर्वी डोळ्यांवरच्या पट्टीवरून बोलता यायचे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या नव्या मूर्तीला पट्टी नाही असे दिसले, म्हणून गप्प बसू नका. आता ‘उघड्या डोळ्यांनी असे करते’ म्हणा.

अवमानाची भीती? १९७१ च्या कायद्याचे कलम ५ निकालावर रास्त टीका करू देते. मात्र रास्त टीकेसाठी निकाल वाचावा लागतो, तेव्हा या कलमाचा आपल्याला काही उपयोग नाही.

एक अडचण नवी आहे. उच्च न्यायालयासाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मुंबई गाठायची, हे गाऱ्हाणे आपल्या हक्काचे होते. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले, त्याच्या हद्दीत सोलापूरही आले आणि तक्रारच गेली. (‘सोलापूरलाच का नाही?’ हे सध्या चालवून घ्या.)

विलंबावर मात्र पोटतिडकीने बोला. ‘पिढ्या गेल्या तरी न्याय नाही!’ भावाने लावलेला वाटपाचा दावा आणि आपल्याच कब्जातली बार्शी रोडची जमीन, हा विषय तेवढा टाळा. दिवाणी संहितेत एका पक्षकाराला तीनच तहकुब्या, हेही बोलू नका. उद्या तारीख आहे ना? मग मुदतीच्या अर्जात पोट बिघडले असे लिहायला सांगा. ताप मागच्या तारखेला येऊन गेलाय.