सार्कची (दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या संघटनेची) परिषद होईल तेव्हा होईल, तोवर शेजाऱ्यांची कामं कशाला अडवायची?

दर नोव्हेंबरला हवेत धूर साठला की तेच. दिल्ली म्हणते पंजाबात पराली (भाताचे उरलेले खुंट) जाळतात म्हणून, लाहोर म्हणतं धूर भारतातून येतो म्हणून. २०२४च्या नोव्हेंबरात लाहोरचा एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) हजारावर गेला होता, शाळा बंद कराव्या लागल्या. आणि गंमत बघा, दक्षिण आशियातल्या हवेवर मिळून काम करू असा माले जाहीरनामा १९९८ सालीच झालाय, पण तो आठवतो कुणाला!

शेतातली अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. भात कंबाईनने कापला की खुंट उभे राहतात, गव्हाची पेरणी दोन-तीन आठवड्यांवर आलेली असते, मग काडी लावणं सगळ्यात स्वस्त पडतं. त्यात आपल्या पंजाबने भूजल वाचवायला २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी पुढे ढकलली. हेतू चांगलाच होता, पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे सरकली आणि जाळण्याचा मोसम नेमका वारं पडतं त्या दिवसांत आला. हा धडा पलीकडच्यांनाही कामाचा आहे, पण सांगायचा कुठे बसून?

सार्कमध्ये? १९८५ला ढाक्यात सुरू झाली, शेवटची शिखर परिषद २०१४ची, काठमांडूत. २०१६ची इस्लामाबादची उरी हल्ल्यानंतर बारगळली ती बारगळलीच. सनदेतच लिहिलंय की निर्णय एकमताने घ्यायचे आणि दोन देशांमधले वाद काढायचेच नाहीत, इथेच घोडं पेंड खातं. एकाने नाही म्हटलं की आठही देश ठप्प. दहशतवादावर भारताने नमतं घ्यावं असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण त्यासाठी हवा, पाणी, वीज सगळंच भिजत का ठेवायचं?

कारण दोघा-तिघांनी ठरवलं तर होतं ना. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची वीज भारताच्या तारांमधून बांगलादेशला पोचली. फक्त ४० मेगावॅट, तीही पावसाळ्याच्या महिन्यांतली, हसू येईल इतकी कमी, पण भाव, मीटर, कुणाचे पैसे कुणी द्यायचे हे सगळं एकदा बसलं की आकडा वाढवणं सोपं. २०१५ला भारत-बांगलादेशने १६२ छिटमहालांची (एका देशाच्या हद्दीत अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या तुकड्यांची) अदलाबदल केली तीसुद्धा सार्कविनाच (मूळ करार १९७४चा, म्हणजे घाईत झालं असं कुणी म्हणू नये 😄).

रस्त्यांचं मात्र अजून रडगाणं आहे. बंगालच्या सीमेवरच्या पेट्रापोलहून आपला ट्रक पलीकडे बांगलादेशातल्या बेनापोलच्या यार्डापर्यंत जातो, तिथे सगळा माल उतरवायचा आणि परत बांगलादेशी ट्रकमध्ये चढवायचा. गाड्या थेट जाव्यात म्हणून २०१५ला भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या चार देशांनी करार केला, भूतानच्या संसदेत तो अडला आणि बाकीचे तिघे अजून नियमांचा घोळ घालतायत. भूतानची भीती खरी आहे हो, एवढ्याशा देशात बाहेरचे ट्रक घुसले तर काय होईल, पण उरलेल्या तिघांना कुणी धरलंय?

माझ्या मते आता लक्ष गंगेकडे हवं. तिच्या पाणीवाटपाचा १९९६चा भारत-बांगलादेश करार ३० वर्षांचा, म्हणजे डिसेंबर २०२६पर्यंतचाच. उन्हाळ्यात फराक्क्याला (पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्याला) येणाऱ्या पाण्यात नेपाळातून उतरणाऱ्या नद्यांचा मोठा वाटा असतो आणि करारात नेपाळच नाही. नव्या करारात त्यालाही घ्या आणि नद्यांच्या पातळीचे आकडे तिघांना रोजच्या रोज दिसतील अशी सोय करा, एवढ्यासाठी आठ देशांच्या नेत्यांचा ग्रुप फोटो लागत नाही.