पी म्हणजे पुरावा नव्हे

यवतमाळकडच्या आमच्या गावातली पोरं मानसशास्त्रात एम.ए. करतात अन् प्रकल्पात ‘पी’बद्दल (p-value, संख्याशास्त्राच्या चाचणीतून निघणारा आकडा) दरवेळी तेच लिहून आणतात: ‘पी ०.०५ पेक्षा कमी, म्हणजे ९५ टक्के सिद्ध.’ अरे बापा, कसं सिद्ध? दोन गटांत मुळात फरक नसताच, तरी एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता किती, एवढंच पी सांगतो. फरक केवढा, हे त्यात नसतंच.

नमुन्याचंही तेच. काल एकीच्या वहीत नमुना म्हणून तीस बाया, सगळ्या तिच्याच गल्लीतल्या. निष्कर्ष ‘ग्रामीण स्त्रिया’! कापसाचा व्यापारीसुद्धा गाडीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढतो, नुसता वरचा पाहून भाव करत नाही.

२०१५ साली मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर जेमतेम ३६ टक्क्यांत पी ०.०५ च्या खाली आला. हे पोरांना कोणी सांगतच नाही. जीव जळतो.