घड्याळवाल्या दादांना उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया रात्रीच वाचली होती. म्हटलं, लगेच नको, सकाळी डोकं थंड झाल्यावर लिहू. सकाळचा क्लास झाला, चहा झाला, पुन्हा एकदा वाचली. डोकं काही थंड झालेलं नाही, तेव्हा आता लिहूनच टाकते.

बाकीच्या वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. दोरीच्या उड्यांनी खरंच किती कॅलरी जळतात, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. मध्यम गतीनं दहा मिनिटं दोरी मारली तर साधारण 120 ते 125 कॅलरी जातात, असा हिशेब त्यात दिला होता. तासाला हजार-बाराशेच्या बाता कुणी मारत असेल तर त्यालाच तासभर दोरी मारून दाखवायला सांगा, असंही म्हटलं होतं. त्यावर या दादांची प्रतिक्रिया आली, ती जशीच्या तशी देते:

"ताई, लेख वाचून हसू आलं. दहा मिनिटं दोरी म्हणजे तीस मिनिटं धावणं, हे जगजाहीर आहे. माझं स्मार्टवॉच दहा मिनिटांना 190 दाखवतं. घड्याळ खोटं बोलत नाही, तालमीतल्या गप्पा बोलतात. वजन किती धरलं, पत्ता नाही. आफ्टरबर्नचं नाव नाही. आणि सलग दहा मिनिटं दोरी मारणारी एक तरी बाई तुमच्या क्लासात आहे का? अभ्यास करून लिहीत जा."

सुरुवात 'ताई'नं आणि शेवट 'अभ्यास करून लिहीत जा'नं. मधे हसूही आलं तुम्हाला. हसा की, हसण्यानंही थोड्या कॅलरी जातात. पण मतभेद मांडायचा असेल तर तो सरळ मांडता येतो. 'ताई, मला हा आकडा कमी वाटतो, कसा काढला?' एवढं विचारलं असतं तर मी तुम्हाला चार ओळींत उत्तर दिलं असतं आणि वर आभारही मानले असते.

एक गोष्ट मात्र मान्य करते. वजनाचा उल्लेख लेखात आहे, पण पार खाली, तक्त्याच्या शेवटच्या ओळीत. तो वर हवा होता, आता वर घेतलाय. 60 किलो धरलं होतं. झालं समाधान?

आता तुमच्या त्या वाक्याकडं येते. 'घड्याळ खोटं बोलत नाही, तालमीतल्या गप्पा बोलतात.'

कोल्हापुरात राहून हे वाक्य लिहायला धाडस लागतं, दादा. माझं माहेर तालमीला लागून. वडील पैलवान, दोन्ही भाऊ कुस्तीच्या हौद्यात. मुलींना आत जायची सोय नव्हती, त्यामुळं मी दाराच्या चौकटीला टेकून बघायची. हौद्यातली लाल माती उकरून तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली असायची, आणि तो वास अजून माझ्या नाकात आहे. आत मुलं जोर मारायची, बैठका काढायची, शेवटी दोरीवर यायची. वस्ताद कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे. आकडा मोजायचं काम पोरांचं. वस्तादांचं लक्ष असायचं पोराच्या छातीवर. श्वास कुठं तुटला, नाक सोडून तोंडानं कधी घ्यायला लागला, थांबल्यावर किती वेळात खाली बसला. त्यावरनं ते दुसऱ्या दिवशीचा खुराक आणि मेहनत ठरवायचे. घरी मी विहिरीची जुनी दोरी कापून अंगणात तेच करायची, आणि वडील ओसरीवर बसून माझा श्वास ऐकायचे. पुढं मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, शाळेत पोरं घडवली, आता बायकांचा क्लास घेते. तेव्हा गप्पा कशाला म्हणतात आणि अभ्यास कशाला, हे मला घड्याळ विकत घेऊन शिकायची गरज नाही.

याच तालमींच्या गावात राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या मनगटावर काय होतं, सांगा बरं? याचा कॅलरीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तुमच्या वाक्याचा तरी काय होता?

बरं, आता तुमच्या त्या विज्ञानाकडं बघू. कॅलरी जळते म्हणजे शरीर प्राणवायू वापरतं. एक लिटर प्राणवायू वापरला की साधारण पाच कॅलरी खर्ची पडतात. (आपण सगळे ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी, पाकिटावर लिहिलेली असते तीच.) म्हणून प्रयोगशाळेत माणसाच्या नाकातोंडावर मुखवटा बसवतात, आत गेलेला आणि बाहेर आलेला वायू मोजतात आणि त्यावरनं खर्च काढतात. अशा मोजमापांतनं 'मेट' नावाचं एकक आलंय. स्वस्थ बसलेला माणूस किलोमागं मिनिटाला साडेतीन मिलीलिटर प्राणवायू वापरतो, तो एक मेट. शेकडो व्यायामांचे आणि कामांचे मेट एकत्र करून अमेरिकेतल्या संशोधकांनी 1993 साली एक कोश काढला, पुढं त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. 2011 च्या आवृत्तीत दोन्ही पायांवरची साधी दोरी, मिनिटाला 100 ते 120 उड्या, 11.8 मेट अशी नोंद आहे. शंभरच्या आत असेल तर 8.8. मेटला साडेतीननं आणि वजनानं गुणायचं, दोनशेनं भागायचं, म्हणजे मिनिटाचा खर्च येतो. 60 किलोला 12.4 कॅलरी. दहा मिनिटांना 124. ह्याच माझ्या 'तालमीतल्या गप्पा'.

म्हणजे बघा, वस्ताद श्वासाकडं बघायचे आणि प्रयोगशाळाही श्वासच मोजते. एकाकडं डोळे होते, दुसरीकडं यंत्र आहे. तुमचं घड्याळ श्वास मोजतच नाही. ते कातडीवर हिरवा उजेड टाकून नाडी बघतं, मनगट किती हललं ते बघतं, तुम्ही नोंदवलेलं वय आणि वजन घेतं आणि त्यावरनं अंदाज बांधतं. जनावरांच्या बाजारात दलाल लांबूनच रेड्याचं वजन सांगतो, तसा. कधी बरोबरही येतो.

2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठानं हातात घालायची सात उपकरणं 60 जणांवर तपासली. नाडी बहुतेकांनी चांगली दाखवली, सातांतल्या सहांचा फरक पाच टक्क्यांच्या आत. कॅलरीत मात्र एकही धड निघालं नाही. सगळ्यात बरं होतं तेही सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं, सगळ्यात वाईट 93 टक्क्यांनी. आता सांगा, खोटं कोण बोलतं?

दोरीच्या बाबतीत तर गोष्ट आणखी अवघड होते. दोरी फिरवताना मनगट सतत गोल फिरतं, आणि घड्याळाला सवय पावलं मोजायची. माझ्या क्लासात एकीनं नवीन घड्याळ आणलं. दोरी चपलेच्या पट्ट्यात अडकली, ती थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत उभी राहिली, मग खाली वाकून गाठ सोडवली. दोरी जमिनीवर पडलेली आणि मनगटावरचा आकडा आपला चढतोय. 'मॅडम, हे बसून पण जळतंय की हो!' म्हणाली. नाडी वर होती ना, घड्याळानं इमानेइतबारे मोजलं. उन्हानं, कडक चहानं, घाबरण्यानंही नाडी चढते. त्या प्रत्येक ठोक्यामागं उड्या मारल्याइतका प्राणवायू खर्च होत नसतो.

आणि गंमत सांगू? तुमचं 190 कदाचित बरोबरही असेल. तुम्ही तुमचं वजन लिहिलेलं नाही. 90 किलो असेल तर माझ्याच सूत्रानं दहा मिनिटांचे 186 येतात. जड अंग वर उचलायला आणि खाली झेलायला जास्त लागतं, एवढं साधं आहे ते. मग तुमचं घड्याळ आणि माझ्या गप्पा एकच सांगतायत. मला वजन विचारणाऱ्यानं स्वतःचं लपवायचं आणि वर हसायचं, ही कुठली रीत?

'दहा मिनिटं दोरी म्हणजे तीस मिनिटं धावणं, जगजाहीर आहे.' जगजाहीर आहे हे खरं. ते कुठनं आलं ते मात्र जगाला माहीत नाही. 1968 साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर एक अभ्यास झाला. एक गट रोज दहा मिनिटं दोरी मारायचा, दुसरा रोज तीस मिनिटं जॉगिंग करायचा, आणि सहा आठवड्यांनी दोघांची हृदयाची आणि दमाची क्षमता सारखी सुधारलेली दिसली. कॅलरी सारख्या जळल्या, असं त्यातनं निघत नाही. त्याच कोशात ताशी आठ किलोमीटरच्या धावण्याला 8.3 मेट आहेत. 60 किलोच्या माणसाचे अर्ध्या तासात 260 च्या आसपास जातात. दहा मिनिटांच्या दोरीचे 124. निम्मेसुद्धा नाहीत. मिनिटाला मिनिट लावलं तर दोरी या धावण्याला सहज मागं टाकते, ते मी लेखात लिहिलेलंच आहे. पण तिप्पट? सोडा.

आफ्टरबर्न: व्यायाम थांबल्यावरही थोडा वेळ प्राणवायू जास्त लागतो, हे खरं. तो जादा खर्च व्यायामातल्या खर्चाच्या साधारण 6 ते 15 टक्के असतो. 124 वर जास्तीत जास्त 18-19. चहात एक चमचा साखर कमी घातलीत की जमलं. एवढ्यासाठी वेगळा परिच्छेद लिहावासा वाटला नाही.

सलग दहा मिनिटांचं म्हणाल, तर ज्याचा जेवढा दम तेवढं तो करतो. त्यात विशेष काही नाही. आणि 'एक तरी बाई आहे का' हा प्रश्न तुम्ही पुरुषांच्या जिमबद्दल कधी विचारलात? माझ्या क्लासातल्या बायका पहाटे उठून डबे करून, पाणी भरून येतात. कुणी अडखळतं, कुणी थांबतं, कुणी गुडघ्याला पट्टा बांधून नुसतं टाचा उचलण्यावर भागवतं. त्यांना मी कधी 'इतके किलो उतरतील' असं सांगितलेलं नाही. एक किलो चरबी म्हणजे 7,700 च्या घरात कॅलरी, हे फळ्यावरच लिहून ठेवलंय. 124 नं भागा, 62 येतात. दहा-दहा मिनिटांच्या बासष्ट खेपा, तेही खाणं न वाढवता. आणि आपल्या कोल्हापूरच्या गंगावेशीत पहाटे म्हशीच्या धारोष्ण दुधाचा एक मोठा ग्लास घेतला की 250 च्या पुढं गेलात, म्हणजे दोरीच्या दोन खेपा तिथंच फिटल्या. हे मी बायकांना तोंडावर सांगते, म्हणून निम्म्या जणी पहिल्या महिन्यात क्लास सोडून जातात. खपवायचंच असतं तर तुमच्यासारखं 190 सांगितलं असतं, गर्दी झाली असती.

तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही, राहू दे तिथंच. पुन्हा लिहिणार असाल तर तीन गोष्टी घेऊन या. तुमचं वजन. मिनिटाला किती उड्या, ते घड्याळाला न विचारता घरच्या कुणाला तरी मोजायला सांगून. आणि एखाद्या मित्राचं दुसऱ्या कंपनीचं घड्याळ मागून घ्या, स्वतःचं वजन-वय त्यात भरा, एक या मनगटावर, एक त्या, आणि एकाच वेळी दहा मिनिटं. दोन्ही आकडे इथंच खाली टाका.