उपाशी ठेवल्याने सुदानचं युद्ध थांबणार नाही

सुदानच्या युद्धग्रस्तांना एक रुपयाही देऊ नका, असं बजावणारा लांबलचक मेसेज मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरतोय. त्याचा सारांश असा: तिकडे पाठवलेलं सगळं धान्य बंदूकवाले पळवतात. मदत बंद केली तर लढणारेच उपाशी पडतील आणि युद्ध आपोआप थांबेल. नव्वद टक्के पैसा संस्थांच्या पगारात जातो. निर्वासितांकडे स्मार्टफोन आहेत, मग ते गरीब कसले? आणि शेवटी, आपल्यावर वेळ आली तेव्हा कोण धावून आलं होतं?

माझ्या आत्याने पेन्शनमधून थोडी रक्कम मदतीसाठी बाजूला काढली होती. हा मेसेज वाचून तिने बेत रद्द केला. म्हणून गप्प बसवत नाही.

सगळ्यांत आधी तो ‘उपाशी ठेवा, युद्ध थांबेल’ हा दावा, कारण तो नुसता चुकीचा नाही, क्रूर आहे. हे सुदानमध्ये करून झालेलं आहे. 15 एप्रिल 2023 ला तिथलं लष्कर आणि आरएसएफ ही निमलष्करी फौज एकमेकांवर तुटून पडली. 2024 च्या मे महिन्यापासून आरएसएफने पश्चिम सुदानच्या दार्फुरमधल्या अल फाशर शहराला वेढा घातला. पुढे शहराभोवती मातीचा उंच बांध घातला. धान्याचे ट्रक आत जाईनात. लोक काय खात होते? अंबाज. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरते ती पेंड. आपण जी म्हशीपुढे ठेवतो, ती तिथे आया मुलांना भरवत होत्या. पुढे पुढे तीही मिळेनाशी झाली.

शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ पडल्याचं आयपीसीच्या समितीने ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केलं. आयपीसी म्हणजे अन्नटंचाईच्या पायऱ्या ठरवणारी जगभर मानली जाणारी पद्धत. तिची पाचवी, शेवटची पायरी सहजासहजी लावली जात नाही. किमान 20 टक्के घरांत अन्नाची पराकोटीची वानवा, किमान 30 टक्के मुलं तीव्र कुपोषित आणि दर 10 हजार माणसांमागे रोज दोन मृत्यू, अशा त्या कसोट्या आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये खुद्द अल फाशर आणि कादुगली या शहरांवरही हाच शिक्का बसला. मेसेज लिहिणाऱ्याने याचा एक परिच्छेद जरी वाचला असता तरी त्याचा हात थांबायला हवा होता.

आणि या उपासमारीने युद्ध थांबलं का? 26 ऑक्टोबर 2025 ला आरएसएफ अल फाशरमध्ये घुसली, नागरिकांच्या कत्तली झाल्या आणि लढाईचा जोर शेजारच्या कोर्दोफान भागाकडे सरकला. जवळपास दीड वर्ष एक अख्खं शहर उपाशी ठेवलं, तरी लढणाऱ्यांनी शस्त्रं टाकली नाहीत. टाकणारच नाहीत. ज्याच्या हातात बंदूक असते, तो सगळ्यांत शेवटी उपाशी राहतो. या युद्धाला पैसा पुरवतं ते सोनं, डाळीची पोती नव्हेत. आधी जातात तान्ही मुलं, बाळंतिणी, म्हातारी माणसं.

मदत आटली तर काय होतं, तेही दिसलेलं आहे. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. त्यानंतर फौजा लढतच राहिल्या, बंद पडली ती सामुदायिक स्वयंपाकघरं, शेकड्यांनी. गल्लीतल्या पोरापोरींनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ या नावाने एकत्र येऊन ती चालवली होती. मोठ्या पातेल्यात डाळ, नाहीतर ज्वारीच्या पिठाची आसिदा, आणि बाहेर भांडी घेऊन रांग. त्यांना 2025 मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला.

लुटीच्या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारत नाही. डिसेंबर 2023 मध्ये वाद मदनी हे शहर आरएसएफच्या हातात गेलं तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं गोदाम लुटलं गेलं. जवळपास 15 लाख लोकांना महिनाभर पुरेल इतकं अन्न त्यात होतं. दुसरी बाजूही स्वच्छ नाही. लष्कराच्या सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चाडमधून दार्फुरात येणारा आद्रेचा रस्ता मदतीसाठी बंद केला, तो ऑगस्टमध्ये उघडला. पण यातून ‘सगळंच पळवतात’ हे सिद्ध होत नाही. अन्न अडवण्यासाठी दोन्ही बाजू एवढा आटापिटा करतात, यावरूनच कळतं की ते पोचलं तर सामान्य माणसाच्या पोटात जातं.

आता नव्वद टक्क्यांचं. जागतिक अन्न कार्यक्रम कार्यालयीन खर्चापोटी देणगीतून साधारण 6.5 टक्के कापून घेतो. ट्रक, डिझेल, गोदामं, तिथल्या माणसांचे पगार हा खर्च वेगळा आणि युद्धभूमीत तो भरपूर असतो, हे मान्य. पण ज्वारी दार्फुरला चालत जात नाही. नव्वदचा आकडा कुठून आणला ते मेसेजमध्ये नाही.

स्मार्टफोनवर फार शब्द खर्च करायची इच्छा नाही. बँका जळाल्या, नोटा संपल्या, तेव्हा सुदानी लोकांचा व्यवहार ‘बंकक’ या मोबाइल अॅपवर चालला. परदेशातल्या भावाचे पैसे त्यावरच येतात, स्वयंपाकघरांची वर्गणीही त्यावरच. घर सोडून पळताना माणूस आधी फोनच उचलणार.

राहिला शेवटचा प्रश्न, आपल्याला कोणी मदत केली. याच युद्धातून ऑपरेशन कावेरीत 3,800 हून जास्त माणसं भारताने बाहेर काढली, ती बहुतेक पोर्ट सुदानहून सौदी अरेबियातल्या जेद्दामार्गे. सौदीने वाट दिली म्हणून. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा जगभरची मदत एकत्र करण्याचं काम संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांकडे होतं. आणि आपणही हात आखडता घेतला नव्हता. तेव्हा पत्रावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लावावं लागे, आत्याच्या पिढीने ते लावलेलं आहे. त्याच्याही आधी, 1943 पासून, कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित युद्ध संपल्यानंतरही राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं होती. पुढे तिथेच गांधीनगरला फाळणीचे सिंधी निर्वासित वसले. हा मेसेज आमच्या ग्रुपवर आला तो कोल्हापूरहूनच. पाठवणाऱ्याने वळिवड्याला जाऊन विचारावं, तेव्हा कोणी फोन तपासले होते का.