आजीला बोलू द्या, कापाकापी नको

१९ डिसेंबर जवळ आला की गोव्यात म्हाताऱ्या माणसांना अचानक भाव येतो. कॅमेरा लावायचा, 'मुक्तीच्या दिवशी तुम्ही कुठे होता?' विचारायचं आणि तासाभराच्या बोलण्यातलं अर्धं मिनिट तिरंग्याच्या शॉटपुढे चिकटवायचं. मला याचा कंटाळा आलाय. खरं तर राग.

असं करणाऱ्यांनी फ्रेंच दिग्दर्शक ज्यां उस्ताशचा 'न्युमेरो झेरो' बघावा. १९७१ साली त्याने स्वतःच्या आजीला, ओदेत रॉबेरला, टेबलापाशी बसवून बोलतं केलं. एवढाच सिनेमा. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा, टेबलावर व्हिस्की, नातू कॅमेऱ्याकडे पाठ करून. सोळा एमएमचे दोन कॅमेरे आलटूनपालटून, म्हणजे एकाचं रीळ संपलं तरी तिचं बोलणं तुटत नाही. मध्येच उस्ताश क्लॅप देतो, तोही तसाच ठेवलाय. टीव्हीसाठी १९८० मध्ये छोटी आवृत्ती निघाली, पुढच्याच वर्षी त्याने आत्महत्या केली, आणि जवळपास दोन तासांचा अख्खा सिनेमा लोकांसमोर यायला २००३ उजाडलं.

ओदेतच्या आयुष्यात दोन महायुद्धं येऊन जातात. पण सावत्र आईचा जाच आणि नवऱ्याची लफडी यांच्यापुढे ती कुठल्या कुठे राहतात!

माझ्या आजीचंही तेच. मुक्तीच्या वेळी पोर्तुगिजांनी बोरीचा पूल उडवला, हे ती एका वाक्यात सांगून मोकळी होते. पन्नासच्या दशकात भारताने नाकेबंदी केल्यावर हॉलंडहून बटाटे यायचे, ते मात्र साग्रसंगीत. ते शिजायचे कसे, जावेने तांदळाच्या डब्यात लपवले कसे, मग दोघींचा अबोला किती लांबला. कापायला बसलेला माणूस सगळ्यात आधी हेच उडवणार. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळातलं गोव्याचं स्वयंपाकघर कळतं ते इथेच, हे त्याच्या गावीही नसतं.

शहानिशा कुठे आहे यात? नाहीच. जावेची बाजू आजी कशाला सांगेल? पण ओदेत हे सगळं नातवाला सांगतेय, हे त्याच्या पाठीमुळे सतत दिसत राहतं. माहितीपटातल्या भारदस्त निवेदकाचा आवाज कुणाशी बोलतो आणि कुणाच्या वतीने, हे कधी कळलंय?

गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या लोकांनी हा सिनेमा पणजीच्या मॅकिनेज पॅलेसमध्ये लावावा, माझी केव्हाची मागणी आहे. तोवर ज्यांच्या घरी आजी आहे त्यांनी मोबाईल स्टँडला लावावा, चार्जर जोडावा, चहा ठेवावा. आणि नंतर एडिटिंगचं ॲप उघडू नये.