दुसऱ्याचं देवघर कसं आवरावं?

तुम्हाला गुरू मिळालाय, माळ मिळालीय आणि वर रविवारची सुट्टीही आहे. मग एवढी साधना घरात कुजवू नका. कोणाच्याही घरी जा, चपला काढा, पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधी देवघरासमोर उभे राहा आणि हळूच "च्च" करा. सुरुवातीला एवढं पुरतं.

पोहे येईपर्यंत विचारा, "गुरू कोण केलाय?" केला नसेल तर त्यांची कीव करा. केला असेल तर जास्त कीव करा, कारण तो तुमचा नाही.

बोटातलं जपाचं मशीन काढू नका. पोहे खातानाही टिकटिक चालू राहू द्या. तोंडात शेंगदाणा असला तरी मनात नाम आहे, हे घरच्यांना कळायला नको?

आता मुख्य काम, म्हणजे प्रत्यक्ष आवराआवर. ही विद्या मी गेल्या रविवारी यांच्या मावसभावांकडून शिकले. भाऊजी आले, मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि ते देवघराच्या फळीवर ठेवलं. आमचं देवघर स्वयंपाकघरात, फ्रिजला लागून. काटा भोवळ आल्यासारखा फिरला आणि फ्रिजकडे तोंड करून थांबला. "दिशाच चुकलीय मावशी," भाऊजी म्हणाले. आमच्या सासूबाई "बरं हो" म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच "बरं हो" म्हणतात.

मग देवांची हजेरी झाली. सासूबाईंच्या सासूबाईंनी दिलेला खंडोबाचा चांदीचा टाक. घासून घासून नाक गेलेला बाळकृष्ण. वाटीभर तांदळात बसलेली अन्नपूर्णा. वणीची देवी, अक्कलकोटचे स्वामी, साईबाबा. आणि अगदी कडेला नाशिकरोडच्या बाळयेशूचं छोटं चित्र. सासूबाई शेजारच्या बाईंबरोबर एकदा तिथल्या यात्रेला गेल्या होत्या तेव्हा आणलेलं. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, "मावशी, दहा ठिकाणी खड्डे खणून पाणी लागतं का? एकाच ठिकाणी खोल खणावं." हे वाक्य नाशकात, सिंहस्थाच्या तोंडावर, ज्या माणसाला आमच्या गल्लीतून गाडी ढकलत यावं लागलं होतं त्याने म्हणावं! इथे खड्डे पाण्यासाठी खणतात असं त्यांना वाटतं.

तर टीप अशी : यजमानीणबाई चहा गाळायला वळल्या की हात चालवा. टाक आणि बाळयेशू वर्तमानपत्रात गुंडाळा, आपल्या पिशवीत घाला आणि सांगा, "रामकुंडात सोडून देतो, तुम्ही काळजी करू नका." रामकुंडात आधीच काय काय सोडलेलं असतं ते आपण बघतोच, त्यात एक खंडोबा कुणाला जड आहे? ज्या बाईने पन्नास वर्षं तो टाक रोज ताम्हणात घेऊन न्हाऊ घातला, पुसला, गंध लावलं, तिला विचारायचं नाही. ती "बरं हो" म्हणालीच होती. पण ते होकायंत्राला, खंडोबाला नव्हे. पाहुण्यापुढे नाही म्हणायला ती बाई शिकलेलीच नाही, आणि त्याचा फायदा घेऊन तुम्ही... असो. टीपा चालल्यात.

कपालेश्वराला नंदी नाही. पंचवटीत जाऊन हा दोष लगेच दाखवून द्या.

पांडवलेण्यांवरही एक चक्कर मारा. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा सातवाहन राजा सातकर्णी, त्याला त्याच लेखात 'एकब्राह्मण' म्हटलंय, आणि आई लेणं देते बौद्ध भिक्षूंना. अठराशे वर्षांपूर्वी या बाईंना कोणी खड्ड्यांचं सांगितलं नाही, ते राहून गेलंय.

सिंहस्थात त्र्यंबकच्या कुशावर्तात शैवांनी आणि इथल्या रामकुंडात वैष्णवांनी न्हायचं, ही वाटणीही तुम्हाला बघवणार नाही. एकाच जागी खोल न्हा म्हणावं. पहिला मान कोणाचा यावरून साधूंचीही डोकी फुटली आहेत, तुमचं तर नुसतं फिरलंय.

नरहरी सोनाराची गोष्ट मात्र कोणाला सांगू नका. कट्टर शैव, विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही म्हणून डोळ्यांना पट्टी बांधून करदोड्याचं माप घ्यायला गेला. हाताला लागलं व्याघ्रांबर, पट्टी काढली तर विठ्ठल. पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. त्याला निदान स्वतःच्या हाताने कळलं. तुमच्या हातात तर होकायंत्र होतं.

भाऊजी, पुरे झालं. तुम्ही रोज पहाटे पाच वाजता आम्हाला गीतेचे श्लोक पाठवता ना? त्यातला नववा अध्याय एकदा स्वतः वाचा. पान, फूल, फळ, पाणी, भक्तीने दिलेलं, एवढंच मागितलंय. फ्रिज कुठे आहे ते विचारलेलं नाही. सातव्यात म्हटलंय, ज्याला ज्या रूपाची पूजा करायचीय त्याची श्रद्धा मी तिथेच पक्की करतो. तो पक्की करतो आणि तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळता. कोण तुम्ही? देवासमोर कोणी उभं राहायचं हे ठरवणारे या गावात तुमच्या आधीही होऊन गेले. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेबांचा आणि दादासाहेब गायकवाडांचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. मग १९३५ ला इथेच येवल्याला बाबासाहेबांनी सांगून टाकलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. माणसं निघून गेली तरी दार राखणारे दार राखत बसले. तुम्हाला तेवढंही मोठं दार मिळालं नाही, म्हणून एका म्हाताऱ्या बाईच्या फळीवर येऊन बसलात. तुमचा एक गुरू तुम्हाला लखलाभ असो, पण आमच्या आईंच्या देवांना पुन्हा हात लावायचा नाही. आणि आता नात्यात वाईटपणा आला तर येऊ दे.

पिशवी मी जिन्यात गाठून परत घेतली. टाकाच्या पाठीवर वर्तमानपत्राची शाई उतरली होती. आईंनी चिमूटभर रांगोळी घेऊन ती घासून काढली, टाक पुसला, जागेवर ठेवला, बाळयेशूला त्याच्या कोपऱ्यात टेकवलं आणि मला विचारलं, "तो चहा घेऊन गेला ना गं? की तसाच गेला?"