असिंक केल्याने एसआयपी सर्व्हर आपोआप वेगवान होत नाही

पुण्यात टेलिफोनीच्या कामात असलेल्या मंडळींमध्ये सध्या एक दावा बराच फिरतो आहे. एसआयपी सर्व्हरमधून, म्हणजे इंटरनेटवरून फोन कॉल जुळवणाऱ्या सर्व्हरमधून, बाहेरच्या वेब सेवेकडे विचारणा करायची असेल तर ती नेहमी असिंकच, म्हणजे उत्तरासाठी अडून न राहता, करावी, कारण त्यामुळे कॉल लवकर जुळतात, क्षमतेला मर्यादा उरत नाही आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहणाऱ्या सिंक पद्धतीची गरजच संपते, असे त्यात म्हटले आहे. नवखे अभियंते यावर विसंबून कॉन्फिगरेशन लिहितात, म्हणून हा दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

कॉल लवकर जुळतो, हे विधान एकेका कॉलपुरते सरळ चुकीचे आहे. कामेलिओ या एसआयपी सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये असिंक विचारणा करताना इन्व्हाइटचे, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या संदेशाचे, ट्रान्झॅक्शन (त्या संदेशाचा चालू व्यवहार) सर्व प्रोसेसना सामाईक असलेल्या शेअर्ड मेमरीत थांबवले जाते, विचारणा वेगळ्या वर्कर प्रोसेसकडे जाते आणि उत्तर आल्यावर तिथूनच कॉल पुढे सरकतो. सेवेला लागणारा वेळ तेवढाच राहतो आणि या देवाणघेवाणीचा खर्च वर पडतो.

क्षमतेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. हिंजवडीतल्या एखाद्या कॉल सेंटरचा सर्व्हर ८ प्रोसेसवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या प्रक्रियांवर) चालतो आणि प्रत्येक कॉलआधी ग्राहकाची माहिती मागवतो, असे धरू. माहिती अमेरिकेतल्या सेवेकडून २०० मिलिसेकंदांत येत असेल, तर सिंक पद्धतीत सेकंदाला जास्तीत जास्त ४० कॉल हाताळता येतात. त्यापुढे आठही प्रोसेस अडकतात आणि ज्यांचा या विचारणेशी काहीही संबंध नाही असे फोनची नोंदणी करणारे रजिस्टर आणि कॉल संपवणारे बाय संदेशही ताटकळतात. इन्व्हाइटला ५०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर एसआयपीचे मानक असलेल्या आरएफसी ३२६१ नुसार यूडीपीवरचा (संदेश पोहोचल्याची हमी न देणाऱ्या वाहतूक पद्धतीवरचा) फोन तो पुन्हा पाठवतो आणि साचलेल्या रांगेत आणखी भर पडते. इथे असिंकचा लाभ निर्विवाद आहे. मात्र सेकंदाला १०० कॉल येत असताना सेवा ३ सेकंद घेऊ लागली, तर ३०० ट्रान्झॅक्शन एकाच वेळी मेमरीत थांबलेली असतात आणि आधीच धापा टाकणाऱ्या त्या सेवेवर तेवढ्याच विचारणा एकदम आदळतात. सिंक पद्धतीत हा आकडा ८ च्या पुढे जाऊच शकत नव्हता. ती नैसर्गिक मर्यादा असिंकमुळे निघून जाते, त्यामुळे टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) आणि एकाच वेळच्या विचारणांची कमाल संख्या आपल्यालाच ठरवावी लागते. दावा करणारे नेमके हेच सांगत नाहीत.

सिंकची गरज संपली, असेही नाही. हीच माहिती त्याच रॅकमधल्या सेवेकडून ५ मिलिसेकंदांत मिळत असेल, तर त्याच ८ प्रोसेस सेकंदाला १६०० विचारणा पार पाडू शकतात. वारंवार लागणारी उत्तरे एचटेबलमध्ये, म्हणजे कामेलिओच्या मेमरीतल्या तक्त्यात, साठवली तर बहुतेक कॉलना बाहेर विचारावेही लागत नाही. अशा ठिकाणी, टाइमआउट आखूड ठेवून, साधी सिंक विचारणा मी बिनदिक्कत वापरेन.

असिंकची आणखी एक किंमत सहसा चाचणीत दिसत नाही, ती खऱ्या रहदारीत दिसते. कॉल थांबलेला असताना फोन करणारा कंटाळून फोन ठेवू शकतो, म्हणून उत्तर आल्यावर कॉल रद्द तर झाला नाही ना, हे तपासूनच पुढे जावे लागते. शिवाय कामेलिओच्या कॉन्फिगरेशनमधले व्हार प्रकारचे चल (व्हेरिएबल) त्या त्या प्रोसेसपुरतेच असतात. विचारणेआधी त्यात ठेवलेला ग्राहक क्रमांक दुसऱ्या प्रोसेसमध्ये मिळत नाही, उलट तिथे आधीच्या एखाद्या कॉलचा क्रमांक उरलेला असू शकतो. ट्रान्झॅक्शनसोबत जाणाऱ्या एव्हीपी प्रकारच्या चलातच असा क्रमांक ठेवला पाहिजे.